तंबोरा एक की जोडी? हुबळी-धारवाडकरांसाठी खर्चाचा हिशेब

धारवाडात गाणं शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना दोन प्रश्न हमखास पडतात. तंबोरा घ्यायचा कधी, हा पहिला. आणि घरात एक असताना गुरुजी दुसरा का घ्यायला सांगतात, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नात थोडा संशयही असतो: एवढ्या हजारांची वस्तू, वाजणार एकाच सुरात, मग दोन कशाला? प्रश्न रास्त आहे. बहुतेक घरांना एकच पुरतो, काहींना दोन लागतातच, आणि पुष्कळांना पहिली तीन-चार वर्षं एकाचीही गरज नसते. आपण यांतले कोण, हे ठरतं पट्टीवरून.

पट्टी म्हणजे षड्ज कुठे धरायचा ती हार्मोनियमवरची जागा. पुरुषांचा गळा साधारण पांढरी एक ते काळी दोन या टापूत असतो, बायकांचा काळी तीन ते काळी पाचच्या आसपास. काळी एक आणि काळी चार यांत अंतर बरोबर पंचमाचं. तीच तार, तेवढीच लांबी ठेवून काळी एकवरून काळी चारवर चढवायची म्हटली, तर तिच्यावरचा ताण सव्वादोन पट होतो. तार तुटते, नाही तुटली तर खुंटी सरकते, आणि दोन्ही टिकल्या तर वर्षा-दोन वर्षांत तबली खचायला लागते. उलट काळी चारसाठी घडवलेला तंबोरा काळी एकला उतरवला की तारा लोंबतात आणि खर्ज नुसता फडफडतो. काळी एकवरून काळी दोनवर जाताना मात्र ताण सव्वापटच वाढतो. तेवढं वाद्य सोसतं. म्हणून ढोबळ नियम असा: तंबोरा ज्या पट्टीसाठी घडवला तिच्या शेजारच्या काळीपर्यंत खालीवर तो चालतो. त्यापुढे वेगळ्या जाडीच्या तारा चढवाव्या लागतात, आणि पंचमाइतकं अंतर असेल तर वाद्यच वेगळं लागतं.

यावर एक चतुर तोडगा नेहमी सुचवला जातो. काळी एकच्या तंबोऱ्यातली पंचमाची तार हाच काळी चारचा षड्ज, मग तोच तंबोरा मुलीलाही का नको? कागदावर हे जुळतं. स्त्री-पुरुष जुगलबंदीत हाच हिशेब वापरतात. पण या जुळणीत चारांपैकी तीन तारा मध्यम होतात, आणि तीन मध्यम घुमत असताना नवशिक्या मुलीने षड्ज शोधायचा कुठे? रोजच्या रियाजाला हा उपाय नको.

म्हणजे बाप काळी एकला आणि मुलगी काळी चारला गात असेल, तर त्या घराला दोन तंबोरे लागतील. मुलं-मुली दोघांना शिकवणाऱ्या गुरुजींनाही दोन, आणि त्यांचा आग्रह यातूनच आलेला असतो. एकटा गाणारा किंवा गाणारी असेल, तर एक. सासू-सून दोघी काळी चारच्या आगेमागे गात असतील तरी एकच. वेळापत्रक जुळवा, पैसे वाचवा.

दुकानात ‘जेन्ट्स’ आणि ‘लेडीज’ अशी विभागणी ऐकू येते. मोठा भोपळा, लांब दांडी म्हणजे पुरुषांचा, लहान म्हणजे बायकांचा. या नावांवर जाऊ नका, आपली पट्टी सांगा. हुबळीकरांना हे वेगळं समजावायला नको, कारण गंगूबाई हनगल (१९१३–२००९) याच गावच्या. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतला आवाज चढा आणि बारीक आहे. पुढे घशाच्या विकारानंतर तो उतरला आणि आपण सगळे ओळखतो तो भरदार, पुरुषी वाटावा असा आवाज झाला. अशा गळ्याला ‘लेडीज’ तंबोरा काय कामाचा? आजार नसला तरी वय पट्टी खाली आणतंच. विशीत काळी पाचला गाणारी बाई साठीत काळी तीनला येते, यात नवल नाही. चाळिशीच्या आत दोन-दोन तंबोरे घेऊन ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे, ते यासाठी. दुसऱ्याची पाळी कदाचित तेव्हाच येईल.

मुलग्यांच्या बाबतीत तर घाई म्हणजे पैसे पाण्यात. बारा-तेरा वर्षांचा मुलगा आज काळी चारला गातोय, वर्ष-दोन वर्षांत त्याचा आवाज फुटेल आणि कुठे बसेल ते कुणालाच सांगता येणार नाही. तोवर इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्या. बेंगळुरूचे अभियंता आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास हे यंत्र तयार केलं आणि त्यांच्या राडेल कंपनीने ते घरोघर नेलं. आज चांगलं यंत्र अदमासे चार ते नऊ हजारांत मिळतं. हवी ती पट्टी लावता येते आणि घरात तिघं तीन पट्ट्यांत गाणारे असले तरी एकच पुरतं. मोबाइलवरची अ‍ॅप्स तर फुकटापासून सुरू होतात. त्यांना फक्त बरासा स्पीकर जोडा, फोनच्या कुडीतून खर्ज येत नाही. यंत्राला नाकं मुरडणारे धारवाडात कमी नाहीत. त्यांचा एक मुद्दा मात्र पटतो: यंत्रावर शिकलेल्या मुलाला तंबोरा लावता येत नाही, आणि तंबोरा लावण्यातच अर्धा कान तयार होतो. तेव्हा यंत्र घरी, आणि क्लासमध्ये गुरुजींचा तंबोरा लावायची संधी, अशी वाटणी करा.

आता किमती. खालचे आकडे घासाघीस सुरू करायला आहेत. कारागीर, लाकूड आणि कोरीवकाम बदललं की ते हलतात. शिकाऊ दर्जाचा नवा मिरजेचा तंबोरा अंदाजे पंधरा ते वीस हजार. मैफलीला नेता येईल असा पंचवीस ते चाळीस. त्यावर जे पैसे जातात ते बहुधा नक्षीचे: गळ्याभोवतीची कोरीव पानं, दांडीवरची पांढरी जडणघडण. दिसायला देखणी, आवाजाला शून्य. दहा हजार जास्तीचे असतील तर ते जुन्या, वाळलेल्या लाकडावर आणि जाड सालीच्या भोपळ्यावर घाला. कापडी गवसणी हजार-दीड हजार. फायबरची पेटी सात ते बारा हजार. वर्षाला दोन मैफली करणाऱ्याने तिचा विचारही करू नये, महिन्याला दोन करणाऱ्याने तंबोऱ्यासोबतच घ्यावी. तारांचा संच दोन-चारशे. जवारीची मजुरी पाचशे ते दीड हजार, कारागिराच्या हातावर आणि घोडीच्या अवस्थेवर. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी शून्य आहे, तेव्हा तंबोऱ्याच्या बिलात तो दिसला तर विचारा. इलेक्ट्रॉनिक यंत्राला ही सवलत नाही.

या सगळ्यात कमी खर्चाची आणि जास्त महत्त्वाची बाब जवारी. दुसरा तंबोरा घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांना खरं तर पहिल्याची जवारी करून घ्यायची असते, असं माझं मत आहे. तार घोडीच्या सपाट वाटणाऱ्या पाठीवरून जाते, पण ती पाठ सपाट नसते. तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि एका षड्जातून वरचे सूर फुटत जातात, चांगल्या लागलेल्या खर्जातून तर गंधार स्पष्ट ऐकू येतो. रोज वाजून तारा घोडीत चर पाडतात. मग आवाज बंद, कोरडा होतो, आणि आपल्याला वाटतं वाद्य म्हातारं झालं.

कारागीर काम करताना जवळ बसून पाहावं. तो तारा सैल करतो, बाजूला सारतो, कानशीने दोन-चार हलके हात मारतो, पॉलिश पेपर फिरवतो, बोटाने पूड झटकतो. पुन्हा तार बसवतो, सुरात आणतो, छेडतो आणि मान हलवतो. पुन्हा तार बाजूला. हे दहा-बारा वेळा चालतं. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवून तो पुढेमागे करतो: एका जागी आवाज नुसता ‘टक्’, केसभर पुढे गेला की झणझणाट, आणि मधल्या एका जागी तो गोल, लांब घुमतो. तिथे तो थांबतो. तुमची पट्टी त्याने आधी विचारली का, याकडे लक्ष ठेवा. न विचारता जवारी करणाऱ्याला पुन्हा बोलावू नये, कारण काळी एकच्या ताणाला उघडलेली जवारी काळी तीनला तशीच बोलेल याची खात्री नसते. मिरजेचे कारागीर अवजारांची पिशवी घेऊन गावोगाव जवारी करून देतात. धारवाडात ते आले की चार घरांनी मिळून बोलवावं, प्रवासखर्च वाटला जातो.

खरेदीला जायचं ते मिरजेलाच. हुबळीहून लोंढा-बेळगावमार्गे रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, राणी चन्नम्मा एक्सप्रेस थेट जाते. शिकलगार घराण्यांनी शस्त्रांच्या कामावरून एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळून तिथे हा धंदा उभा केला. फरीदसाहेब हे त्यांतलं आद्य नाव. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेतच राहिले आणि त्यांची समाधीही तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांकडे शिकायला गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. म्हणजे मिरज-धारवाड ही वाट गाण्याने आधीच मळलेली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे ‘मिरजेचा’ म्हणून विकणाऱ्याला मानांकनाचा कागद दाखवायला सांगण्याचा तुम्हाला आता अधिकार आहे. कागद चांगला, कान त्याहून चांगला.

दुकानात काय पाहायचं? आधी भोपळा. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात आणि वाळायला त्यांना वेळ द्यावा लागतो. बोटाच्या पेराने भोपळ्यावर चारी अंगांनी टिचकी मारा: आवाज सगळीकडे सारखा हवा, एखाद्या जागी बसका आला तर तिथे साल पातळ किंवा जोड आहे. दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी नेम धरून पाहा, वाक लगेच कळतो. लाकूड तून असावं आणि रंगाखाली गाठी लपवलेल्या नसाव्यात. मग तंबोरा आपल्या पट्टीत लावायला सांगा आणि चहा प्यायला बाहेर जा. अर्ध्या तासाने परत येऊन छेडा. खुंट्या घट्ट बसल्या असतील तर सूर फार तर मण्यांनी सावरण्याइतका हललेला असेल. पार घसरला असेल तर खुंटीचं भोक नीट नाही. विक्रेता ‘नवीन आहे, बसेल’ म्हणेल, तो बसेपर्यंत तुम्ही थांबा. शेवटी स्वतः गा. लाज वाटली तरी गा, निदान षड्ज-पंचम लावा. दुसऱ्याच्या बोटांनी छेडलेला तंबोरा सगळ्यांचाच छान वाजतो.

आषाढ-श्रावणात मात्र खरेदी टाळा. धारवाडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. मिरज कोरडी असली तरी दमट गाडीतून आलेलं नवं वाद्य तुमच्या दमट घरात आठवडाभरात सूर बदलतं, आणि दोष वाद्याचा की हवेचा हे ठरवता येत नाही. दिवाळीनंतर जा.

मैफल करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. गायकाच्या मागे दोन तंबोरे हवेत हे खरं, पण ते दोन्ही तुमचेच हवेत असं नाही. बहुतेक मोठे आयोजक जोडीची सोय करतात. फोनवर मात्र ‘तंबोरे आहेत ना?’ एवढंच विचारू नका. पट्टी सांगा, जवारी कधी केली ते विचारा, आणि कार्यक्रमाच्या आधी तासभर लावायला मिळेल का ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर आपला एक घेऊन जा. दुसऱ्या तंबोऱ्याचा खरा उपयोग रागाच्या मांडणीत आहे. एकात पंचम किंवा मध्यम, दुसऱ्यात निषाद. मारवा, पूरिया गाणाऱ्याला हा निषाद लागतोच. पण त्यासाठी दुसरं वाद्य घेण्याआधी पाच तारांचा तंबोरा पाहा. जास्तीची खुंटी आणि तार यांचे दोन-तीन हजार वाढतात, निषाद कायमचा मिळतो, आणि पंचमाच्या तारेला निषादापर्यंत ओढण्याचा जुलूमही वाचतो.

बास गिटारवाल्यांतही हाच वाद चालतो, आणि आपल्याकडच्या चर्चमध्ये, ऑर्केस्ट्रात वाजवणारी मुलं तो घालताना मी ऐकली आहेत. त्यांचा प्रश्न मात्र मुळातच निराळा. बास गिटारवर बोट सरकवलं की कुठलीही पट्टी मिळते. दुसरी गिटार ते घेतात ती आवाजाच्या जातीसाठी. चार तारांची, खाली आणखी उतरणारी पाच तारांची, पडद्यांविना मींड देणारी. तरीही एकीवर भागवणारे आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांमागे बास वाजवणारा जेम्स जेमर्सन १९६२ च्या एकाच फेंडर प्रिसिजनवर वर्षानुवर्षं वाजवत राहिला, तारासुद्धा क्वचितच बदलायचा. १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या जरा आधी ती चोरीला गेली. तंबोरेवाल्याने त्याच्याकडून एका वाद्याची निष्ठा उचलावी, तारांची नको. गंजलेल्या तारेवर जवारी लागत नाही, आणि आपल्या हवेत पोलादी तार एका पावसाळ्यात काळवंडते. दर वर्षी संच बदला.

सतारवाले वाचत असतील तर त्यांनाही दोन शब्द. धारवाडात सतारीचं घराणं रुजवलं ते बंदे अली खाँ यांचे शिष्य रहिमत खाँ यांनी. तारांच्या मांडणीत बदल करून त्यांनी सतारीचा आवाका वाढवला. म्हणजे दुसरी सतार घेण्याऐवजी आहे तिची मांडणी बदलण्याचा धडा गावातच आहे. खर्जाच्या तारा हव्यात की नकोत हे गुरुजींना विचारून ठरवा आणि तसंच वाद्य एकदा घडवून घ्या. नंतर बदलताना घोडीपासून खुंट्यांपर्यंत सगळं काम निघतं.

जुना तंबोरा मिळाला तर सोनं, पण दोन अटींवर. सौदा नव्याच्या निम्म्याच्या आसपास व्हावा, आणि भोपळ्याचा तडा गळ्याच्या जोडापर्यंत गेलेला नसावा. पोटावरचा तडा सांधता येतो, जोडाचा सांधूनही पुन्हा बोलतो. विकणारा कौतुकाने ‘घोडी सांबरशिंगाची, पट्ट्या हस्तिदंती’ म्हणाला तर हात जोडून बाहेर पडा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे असल्या वस्तूंची खरेदी-विक्री गुन्हा आहे. हाडाची किंवा शिसवीची घोडी तितकीच चांगली वाजते.

गाडीतून आणताना तारा अर्ध्या सुराने उतरवा, पूर्ण सैल नको, नाहीतर घोडी सरकते. वरचा बर्थ आरक्षित करा, भोपळा भिंतीकडे, दांडी पायांकडे, आणि गवसणीच्या आत भोपळ्याभोवती चादर. हुबळीला उतरणार असाल तर हमालाशी आधीच ठरवा: दीड किलोमीटरचा तो जगप्रसिद्ध फलाट तंबोरा खांद्यावर घेऊन चालायचा म्हणजे खांद्याची परीक्षा. धारवाडकरांनी धारवाडलाच उतरावं.

आणि दुसरा तंबोरा घेतलाच, मग मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तो कोपऱ्यात उभा राहिला, तर विकायची घाई करू नका. गावातल्या एखाद्या विद्यार्थ्याला महिन्याच्या भाड्याने द्या. तीनशे-चारशे रुपये पुरेत. लेखी कागदात दोनच कलमं हवीत: ठरलेल्या पट्टीच्या वर तारा चढवायच्या नाहीत, आणि जवारीचा खर्च वाजवणाऱ्याचा.